सॅक्सोफोनला कॉन्चेर्टो मिळायला नव्वद वर्षं का लागली? : 'न घडलेल्या' गोष्टीचा इतिहास तपासताना



संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना आपण सगळे एक वाक्य हमखास लिहितो : "या विषयावर आजवर फारसे काम झालेले नाही." यालाच आपण 'रिसर्च गॅप' म्हणतो आणि पुढे जातो. पण मुलाखतीत समोरच्याने शांतपणे विचारलं, "काम झालेलं नाही, ते का बरं?" तर बहुतेकांची बोलती बंद होते. एखादी गोष्ट का घडली हे शोधायच्या पद्धती आपल्याला शिकवतात. ती का घडली नाही, किंवा एवढ्या उशिरा का घडली, हे कसं शोधायचं ते मात्र ज्याचं त्याने शिकायचं.

म्हणून आज एक खराखुरा प्रश्न घेऊन ते करून बघू. माझं काम ध्वनिशास्त्रातलं, त्यामुळे उदाहरण वाद्याचं आहे. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत तुम्ही कधी ऐकलं नसेल तरी काही अडणार नाही. लागेल तेवढं सांगत जाईन.

आधी प्रश्न नीट मांडू

कॉन्चेर्टो म्हणजे एक वादक पुढे आणि अख्खा वाद्यवृंद त्याच्या सोबतीला, अशी रचना. एखाद्या वाद्यासाठी चांगले कॉन्चेर्टो असणं म्हणजे त्या वाद्याला मैफलीच्या मंचावर मधोमध जागा मिळणं.

सॅक्सोफोनचा जनक अडॉल्फ सॅक्स. जन्म १८१४, बेल्जियममधलं दिनाँ हे गाव. वडीलही वाद्यं बनवणारे. १८४२ मध्ये तो पॅरिसला आला आणि त्याच वर्षी जूनमध्ये संगीतकार बर्लिओझने वर्तमानपत्रात या नव्या वाद्याची तोंडभरून स्तुती केली. १८४६ मध्ये सॅक्सने पेटंट घेतलं. आणि आज शास्त्रीय सॅक्सोफोनवादक ज्यांच्यावर पोसले जातात, ते वाद्यवृंदासोबतचे कॉन्चेर्टो कधीचे? फॉन बोर्क १९३२, ग्लाझुनोव्ह आणि लार्सन १९३४, इबेर १९३५. म्हणजे बर्लिओझच्या लेखापासून मोजलं तर नव्वद वर्षं.

इथे एक सावधगिरी. 'पहिला कॉन्चेर्टो १९३२ चा' असं मी लिहिलेलं नाही, हे लक्षात आलं का? बेल्जियमच्या पॉल गिल्सनने १९०२ मध्येच आल्टो सॅक्सोफोनसाठी कॉन्चेर्टो लिहिला होता, आणि त्याच्या नावातच 'पहिला' हा शब्द आहे. 'पहिला', 'एकमेव', 'कधीच नाही' हे शब्द प्रबंधात लिहिताना दहा वेळा थांबा. एक अपवाद सापडला की सगळा डोलारा कोसळतो. त्यामुळे आपला प्रश्न असा : सॅक्सोफोनचे कॉन्चेर्टो *लिहिले जाऊन वाजत राहण्याची परंपरा* सुरू व्हायला एवढा वेळ का लागला? प्रश्न जरा लांबला, पण आता तो तपासता येतो.

नव्वद वर्षं म्हणजे खरंच उशीर का?

हा टप्पा बरेच जण गाळतात. उशीर म्हणायचं तर कुणाच्या तुलनेत? तुलनेला दुसरं वाद्य हवं.

क्लॅरिनेट घेऊ. न्यूरेंबर्गच्या डेनरने ते १७०० च्या सुमारास घडवलं. १७४० च्या दशकात मोल्टरने त्याच्यासाठी कॉन्चेर्टो लिहिले, आणि १७९१ मध्ये मोझार्टचा तो प्रसिद्ध कॉन्चेर्टो आला. म्हणजे सुरुवात चाळीसेक वर्षांत, शिखर नव्वद वर्षांत. आता ट्यूबा घेऊ, ते पितळेचं भलंमोठं खर्जातलं वाद्य. पेटंट १८३५, बर्लिन. त्याचा सर्वांत प्रसिद्ध कॉन्चेर्टो व्हॉन विल्यम्सने लिहिला १९५४ मध्ये, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या पन्नाशीनिमित्त. एकशे एकोणीस वर्षं!

म्हणजे सॅक्सोफोन एकटाच कमनशिबी होता असं नाही. पण ट्यूबाचं काम मुळात वाद्यवृंदाला खालून आधार द्यायचं. सॅक्सोफोन तर पहिल्यापासून गाणारं वाद्य. तेव्हा प्रश्न अजून शिल्लक आहे, आणि ट्यूबाचा आकडा आपल्याला पुढे एकदा उपयोगी पडणार आहे.

आता सुचतील ती उत्तरं एकेक करून तपासू. प्रत्येक उत्तराला एकच गोष्ट विचारायची : तू खरं असशील, तर आणखी काय दिसायला हवं होतं?

उत्तर पहिलं : वाद्यातच खोट होती

बारावीला नळीतल्या अनुनादाचा प्रयोग केला असेल तर हे लगेच समजेल. क्लॅरिनेटची नळी दंडगोल आणि तोंडाकडून बंद. तिच्यात मूळ कंपनसंख्येच्या मुख्यतः विषम पटी मिळतात : एक, तीन, पाच. म्हणून क्लॅरिनेटवर खालच्या सा वरून वर उडी मारली की स्वर पोहोचतो तो वरच्या सप्तकातल्या प वर. सॅक्सोफोनची नळी शंकूसारखी, खाली रुंद होत जाणारी. शंकूत सगळ्या पटी मिळतात, त्यामुळे सा वरून उडी थेट वरच्या सा वर. दोन्ही सप्तकांत बोटं जवळपास सारखीच. शिकणाऱ्याला हे केवढं सोपं!

सॅक्सला हवं होतं ते एवढंच : पितळी वाद्यांचा दणकटपणा आणि लाकडी वाद्यांचा चपळपणा एकाच वाद्यात. क्लॅरिनेटसारखी एकेरी रीड, धातूची शंकूच्या आकाराची नळी, आणि बासरीसारख्या वाद्यांवरून घेतलेली चाव्यांची रचना. उघड्या मैदानावर लष्करी बँडमध्ये वाजवायला उत्तम.

वाद्यात खोट असती तर ते कुठेच टिकलं नसतं. पण फ्रान्सच्या लष्करी बँडमध्ये ते रुळलं. ऑपेराच्या वाद्यवृंदातही अधूनमधून दिसलं : आँब्रवाझ तोमाच्या 'हॅम्लेट'मध्ये १८६८ साली, मासनेच्या 'वेर्थर'मध्ये १८९२ साली. बिझेने १८७२ मध्ये 'लार्लेझियेन' या नाटकाच्या संगीतात तर त्याला असा काही एकल भाग दिला, की आजही वाद्यवृंदातलं सॅक्सोफोनचं उदाहरण म्हणून सगळे तोच वाजवून दाखवतात.

आणखी एक पुरावा. पुढे १९३० च्या दशकात ज्या वादकामुळे कॉन्चेर्टो लिहिले गेले, तो सॅक्सच्या मूळ नळीच्या आणि मूळ मुखपट्टीच्या घडणीचाच आग्रह धरणारा होता. म्हणजे यश मिळालं ते वाद्य बदललं म्हणून मिळालं, असं म्हणता येत नाही. पहिलं उत्तर बाद.

उत्तर दुसरं : संगीतकारांना ते आवडलंच नाही

वर दिलेली नावं पुन्हा वाचा. बर्लिओझ, तोमा, बिझे, मासने. हे लोक कुणी कोपऱ्यातले नव्हते. तेव्हा सरसकट नावड होती हे म्हणणं टिकत नाही.

मात्र एक बारीक गोष्ट नोंदवू. बर्लिओझने स्तुती भरपूर केली, पण त्याच्या मोठ्या वाद्यवृंदरचनांमध्ये सॅक्सोफोन नाही. स्तुती करणं वेगळं आणि स्वतःच्या रचनेत भाग लिहून देणं वेगळं. संगीतकार व्यवहारी असतो. आज भाग लिहिला, तर उद्या दुसऱ्या शहरात तो वाजवणार कोण, हा हिशेब त्याच्या डोक्यात असतोच. हे वाक्य लक्षात ठेवा, आपलं उत्तर इथूनच निघणार आहे.

उत्तर तिसरं : सॅक्सचे शत्रू

ही गोष्ट रंगवून सांगायला फार सोपी, म्हणूनच धोक्याची. पॅरिसच्या बाकीच्या वाद्यनिर्मात्यांनी सॅक्सला खरोखरच सळो की पळो करून सोडलं. १८४५ च्या एप्रिलमध्ये शाँ-द-मार्सच्या मैदानावर जुन्या पद्धतीचा बँड विरुद्ध सॅक्सच्या वाद्यांचा बँड असा जाहीर सामना झाला. सॅक्स जिंकला, सैन्याची मागणी त्याच्याकडे गेली, आणि प्रतिस्पर्ध्यांनी पेटंट रद्द व्हावीत म्हणून खटल्यांवर खटले लावले. सॅक्सचं दिवाळं तीनदा निघालं : १८५२, १८७३ आणि १८७७. १८९४ मध्ये तो वारला.

पण शत्रुत्व हेच मुख्य कारण असतं, तर शत्रू आणि सॅक्स दोघेही गेल्यावर, आणि पेटंट संपून कुणीही वाद्य बनवू लागल्यावर, गाडी भरधाव सुटायला हवी होती. तसं झालं नाही. खटल्यांनी एका माणसाचं आयुष्य नासवलं हे खरं, पण आपल्या प्रश्नाचा थोडाच भाग त्यातून सुटतो. इतिहासात खलनायक सापडला की आपण तपास थांबवतो. तिथेच थांबायचं नसतं.

उत्तर चौथं : वाद्यवृंदात पगारी जागा नव्हती

हे उत्तर मला सुरुवातीला सगळ्यांत दमदार वाटतं. वाद्यवृंदात बासरीवाले, क्लॅरिनेटवाले ठरलेले, पगारी. सॅक्सोफोन लागला की त्या एका रचनेपुरता कुणाला तरी बोलवायचं, नाहीतर क्लॅरिनेटवाल्याच्याच हातात द्यायचा. सॅक्सने वाद्यवृंदासाठी वेगळ्या पट्टीतले, सी आणि एफ मधले, सॅक्सोफोन योजले होते आणि बँडसाठी बी-फ्लॅट आणि ई-फ्लॅट मधले. बँडवाले जगले, वाद्यवृंदवाले जवळपास विरून गेले. याची गंमत १९२८ पर्यंत दिसते. राव्हेलने 'बोलेरो'मध्ये एफ पट्टीतल्या छोट्या सॅक्सोफोनचा भाग लिहिला, आणि तो भाग सगळीकडे बी-फ्लॅट वाद्यावरच वाजवला जातो.

पण आता ट्यूबाला साक्षीला बोलवू. त्याला वाद्यवृंदात पगारी जागा होती, तरी एकशे एकोणीस वर्षं लागली. म्हणजे जागा मिळाली की कॉन्चेर्टो आपोआप मिळतो असं नाही. जागा नसणं हे कारणांपैकी एक आहे, पण ते एकटं पुरत नाही.

उत्तर पाचवं : पैसा कुणी दिला नाही

इथे आपल्याला निसर्गतःच झालेला एक प्रयोग सापडतो. समजा, कुणीतरी खरंच पैसे ओतले असते तर? बॉस्टनच्या एलिझ हॉल यांनी ते केलं.

हॉलबाईंचा जन्म १८५३ चा. नवरा डॉक्टर, शल्यविशारद. १८९७ मध्ये तो वारला. विषमज्वरामुळे त्यांना कमी ऐकू येऊ लागलं होतं, आणि तब्येतीसाठी म्हणून मध्यम वयात त्यांनी सॅक्सोफोन हातात घेतला, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. बॉस्टनमधल्या 'ऑर्केस्ट्रल क्लब'च्या त्या अध्यक्षा आणि आधारस्तंभ. बॉस्टन सिम्फनीचा ओबोवादक जॉर्ज लाँजी त्या क्लबचा संचालक. त्याच्या ओळखीतून हॉलबाईंनी फ्रान्स-बेल्जियमच्या संगीतकारांना पैसे देऊन सॅक्सोफोनसाठी रचना लिहून घेतल्या, एकूण वीसच्या आसपास. लेफलर, व्हँसाँ दँदी, काप्ले, गिल्सन, फ्लोराँ श्मिट अशी मंडळी त्यात आहेत. सुरुवातीला उल्लेख केलेला तो १९०२ चा कॉन्चेर्टोही यातलाच.

आणि त्यातच देब्युसी. पैसे आधी घेतले, काम मात्र पुढे सरकेना. १९०३ मध्ये त्याने थोडंफार लिहिलं. पत्रांमध्ये तो या बाईंच्या चिकाटीची थट्टा करतो आणि या वाद्याच्या सवयी आपल्याला ठाऊक नाहीत असंही कबूल करतो. १९१८ मध्ये देब्युसी वारला. त्याचा मित्र रोजे-द्युकासने कच्च्या खर्ड्यावरून वाद्यवृंदाचे भाग पूर्ण केले आणि १४ मे १९१९ रोजी पॅरिसमध्ये 'रॅप्सोडी'चा पहिला प्रयोग झाला. सॅक्सोफोन वाजवला इव्ह मायर याने. जिने ही रचना मागितली, पैसे दिले, वाट पाहिली, त्या बाईंनी ती कधीच वाजवली नाही. १९२४ मध्ये त्या गेल्या.

ही गोष्ट बहुतेक पुस्तकांत विनोद म्हणून येते : थोर संगीतकाराच्या मागे लागलेली श्रीमंत हौशी बाई. कारण सरळ आहे. गोष्ट सांगितली जाते ती देब्युसीच्या पत्रांवरून. एका बाजूचीच पत्रं हाताशी असली की इतिहास त्या बाजूचाच सूर लावतो. त्या सुराखालून मोजता येईल असं काय आहे ते बघा : सॅक्सोफोनसाठी एवढं गंभीर संगीत मागवणारी व्यक्ती त्या आधी दुसरी कुणी झाली नव्हती. १९०४ मध्ये पॅरिसला जाऊन दँदीची रचना त्यांनी स्वतः वाजवली. वाऱ्याचं वाद्य फुंकणाऱ्या बाईला लोक हसत, अशा काळात.

तरीही, आणि हे आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचं, परंपरा सुरू झाली नाही. पैसा होता, रचना होत्या, वाजवणारीही होती. मग काय कमी पडलं? हॉलबाई व्यावसायिक वादक नव्हत्या, आणि त्या काळी बाईला बहुतेक व्यावसायिक वाद्यवृंदांचे दरवाजे बंदच होते. एकेक रचना घेऊन शहरोशहरी ती वाजवत फिरणं, दुसऱ्या वादकांना ती वाजवावीशी वाटणं, विद्यार्थ्यांनी ती शिकणं, यातलं काहीच होऊ शकलं नाही. रचना जन्मल्या आणि कपाटात गेल्या.

साखळी तुटली होती

आता तारखांचा एक तुकडा बघा. पॅरिस कॉन्झर्व्हातवार म्हणजे फ्रान्सची सर्वोच्च संगीतशाळा. तिथे १८५७ पासून सॅक्स स्वतः लष्करी विद्यार्थ्यांना सॅक्सोफोन शिकवत होता. वर्गाच्या परीक्षांसाठी सेंजेले, देमेर्समान यांच्यासारख्यांनी पियानोच्या साथीच्या एकल रचना लिहिल्या आणि सॅक्सने स्वतः त्या छापल्या. म्हणजे शिक्षक, विद्यार्थी, परीक्षा, रचना, प्रकाशन अशी पूर्ण साखळी तयार होत होती. १८७० मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्ध आलं आणि तो वर्ग बंद पडला.

पुन्हा कधी सुरू झाला? १९४२ मध्ये. बहात्तर वर्षांनी.

मला वाटतं, आपल्या नव्वद वर्षांचा मोठा भाग या बहात्तर वर्षांत दडलेला आहे. बँडमध्ये वादक तयार होत राहिले, पण ते बँडसाठी. मैफलीत एकट्याने उभा राहील असा वादक घडवायची जागा उरली नाही. वादक नाही म्हणून संगीतकार लिहीत नाही, रचना नाही म्हणून वादक तिकडे वळत नाही. क्लॅरिनेटची गोष्ट याच्या उलट : मोझार्टसमोर श्टाडलर होता, वेबरसमोर बेरमान होता, आणि वेबरने १८११ या एका वर्षात त्याच्यासाठी दोन कॉन्चेर्टो लिहिले. संगीतकाराच्या डोळ्यांसमोर विशिष्ट वादक असतो, तेव्हा लेखणी चालते.

आणि मग राशेर

सिगुर्ड राशेर, जन्म १९०७, जर्मनी. शिकला क्लॅरिनेट, पण पोटासाठी डान्स बँडमध्ये सॅक्सोफोन धरला आणि मग त्याच्याच मागे लागला. शिकवायला कुणी नव्हतं, स्वतःच तासन् तास घासून शिकला. नेहमीचा सॅक्सोफोन अडीच सप्तकांचा. राशेर वरच्या पटींचे स्वर पकडून तो चार सप्तकांपर्यंत नेत असे. वर सांगितलेलं शंकूचं भौतिकशास्त्र त्याने ओठांनी वापरलं, असंच म्हणा ना.

१९३२ मध्ये एडमुंड फॉन बोर्कने त्याच्यासाठी कॉन्चेर्टो लिहिला. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि राशेर जर्मनी सोडून डेन्मार्कला गेला. कोपनहेगनला आणि स्वीडनच्या माल्मोला तो शिकवू लागला, आणि जो संगीतकार भेटेल त्याच्याकडे कॉन्चेर्टो मागू लागला. पॅरिसमध्ये राहणारा वयस्क रशियन संगीतकार ग्लाझुनोव्ह याने एका पत्रात लिहिलंय की, विनंत्या कसल्या, या सॅक्सोफोनवाल्याच्या हल्ल्यांमुळेच मी हा कॉन्चेर्टो लिहायला घेतला. गंमत म्हणजे त्या पत्रात तो राशेरला डॅनिश म्हणतो. मूळ साधनातली माहितीसुद्धा पडताळून घ्यावी लागते, याचं हे छोटंसं उदाहरण. २५ नोव्हेंबर १९३४ रोजी स्वीडनमधल्या न्युशपिंग गावी त्याचा पहिला प्रयोग झाला.

पुढची यादी बघा. लार्सनचा कॉन्चेर्टो १९३४. इबेरचा 'कॉन्चेर्तिनो दा कामेरा' १९३५, एक सॅक्सोफोन आणि अकरा वाद्यं. त्यात वरचे अवघड स्वर ऐच्छिक ठेवलेत, कारण ते राशेरला जमायचे, इतरांना जमतीलच असं नाही. एरिक कोट्सची 'सॅक्सो-रॅप्सोडी' १९३६. फ्रँक मार्टिनची 'बालाद' १९३८. देश वेगळे, शैली वेगळ्या, पिढ्या वेगळ्या. समान घटक एकच : सगळ्या राशेरसाठी.

पण थांबा, जॅझचं काय?

चांगल्या परीक्षकाने हा प्रश्न विचारायलाच हवा. १९२० च्या दशकात जॅझने सॅक्सोफोन घराघरांत नेला. मियोने १९२३ मध्येच 'सृष्टीची निर्मिती' या बॅलेच्या छोट्या वाद्यवृंदात व्हायोलाच्या जागी सॅक्सोफोन बसवला होता. मग १९३० च्या दशकातली लाट जॅझची म्हणायची की राशेरची? दोन्ही कारणं एकाच काळात आली, हीच आपल्या धंद्यातली जुनी डोकेदुखी.

दोन्ही वेगळी करायची एक वाट आहे : रचना ऐका. जॅझ हे मुख्य कारण असतं, तर त्याचा ठसा सगळीकडे दिसला असता. इबेरमध्ये जॅझची लय थोडी जाणवते. ग्लाझुनोव्हचा कॉन्चेर्टो मात्र जुन्या रशियन रोमँटिक वळणाचा, त्यात जॅझचा मागमूस नाही. लार्सनही तसाच दूर. म्हणून माझं मत असं : जॅझने कान तयार केले, राशेरने रचना लिहवून घेतल्या. हे मत खोडून काढायचं असेल, तर राशेर किंवा त्याच्यासारख्या दुसऱ्या वादकाशिवाय त्याच दशकात लिहिले गेलेले आणि टिकलेले कॉन्चेर्टो शोधून दाखवावे लागतील.

'त्याच्यासारखा दुसरा वादक' होताच, मार्सेल म्यूल. जन्म १९०१, वडिलांकडून शिकला, पॅरिसच्या गार्द रेप्युब्लिकेन या लष्करी बँडमधून पुढे आला. १९४२ मध्ये कॉन्झर्व्हातवारचा बंद पडलेला वर्ग त्याच्याच हाती सुरू झाला आणि १९६८ पर्यंत त्याने तो चालवला. राशेरने रचना आणल्या, म्यूलच्या वर्गाने त्या वाजवणाऱ्या पिढ्या तयार केल्या. तुटलेली साखळी सांधली गेली. त्यानंतर रचना मागण्यासाठी कुणाला 'हल्ले' करावे लागले नाहीत. तोमासीचा कॉन्चेर्टो १९४९ मध्ये आला, फिलिप ग्लासने १९९५ मध्ये चार सॅक्सोफोन आणि वाद्यवृंदासाठी लिहिलं, जॉन अॅडम्सचा कॉन्चेर्टो २०१३ मध्ये सिडनीला वाजला.

आपल्याकडचं एक उदाहरण इथे पडताळणीला घेता येईल. भारतातही सॅक्सोफोन बँडमधून पसरला, आणि हिंदी चित्रपटसंगीतात तो मनोहारी सिंग यांच्या फुंकरीने ओळखीचा झाला. कद्री गोपालनाथ यांनी म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये तो ऐकला, कर्नाटक संगीताच्या गमकांसाठी स्वतः घडवून घेतला आणि १९९४ मध्ये लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात वाजवला. संगीत पूर्ण वेगळं, पण क्रम तोच : बँडने वाद्य पोहोचवलं, एका वादकाने ते मैफलीत नेलं.

यातून तुम्ही काय घ्यायचं

'काम झालेलं नाही' असं लिहाल तेव्हा स्वतःला चार प्रश्न विचारा. साधनं नव्हती का? कुणाला रस नव्हता का? पैसा नव्हता का? की हे काम करणारी माणसं घडवणारी जागाच बंद पडली होती? पहिल्या तिन्हींची उत्तरं पटकन सापडतात आणि आकर्षकही वाटतात. चौथं उत्तर बहुतेक वेळा एखाद्या कंटाळवाण्या प्रशासकीय नोंदीत असतं : अमुक वर्ग बंद, तमुक पद रिक्त.

एखादं अध्यापकाचं पद रिक्त ठेवलं जातं तेव्हा एका वर्षाचा पगार वाचतो. कॉन्झर्व्हातवारच्या त्या एका वर्गाची किंमत बहात्तर वर्षं होती. तुमच्या विषयाच्या इतिहासातही असा एखादा वर्ष-क्रमांक असेल. तो शोधा. तुमची रिसर्च गॅप तिथून सुरू झालेली असण्याची दाट शक्यता आहे.

ऐकायची इच्छा झाली तर या क्रमाने ऐका : बिझेच्या 'लार्लेझियेन'मधला सॅक्सोफोनचा भाग, देब्युसीची 'रॅप्सोडी', आणि मग ग्लाझुनोव्हचा कॉन्चेर्टो, जेमतेम पंधरा मिनिटांचा. 'रॅप्सोडी' ऐकताना हॉलबाईंची आठवण ठेवा.